या जेवायला

आफ्रिकेत, मलावीत मिशनरी आई-बापांसोबत वाढलेली एस्तेर पहिल्यांदाच मानवतला आजीकडे सुट्टीला आली होती. आजीला, सरजाबाईंना, एकच घोर होता. नातीला घेऊन आलेल्या मुलाला त्या म्हणाल्या, "प्रीतम, तुमी दोघं देवाचं काम करायलाव, बरं हाय. पण माझ्यामागं हिला या गल्लीत कोण ओळखंल?"

दुसऱ्या दिवशी आजी-नात दुकानाला निघाल्या. ओट्यावर जेवत बसलेल्या गल्लीतल्या वैजीनाथने रिवाजाप्रमाणे आवाज दिला, "या जेवायला!" सरजाबाई रिवाजाप्रमाणेच "होऊ द्या" म्हणून पुढे गेल्या. वळून पाहिलं, तर एस्तेर हात धुऊन वैजीनाथच्या शेजारी बसलेली.

"अगं, ते नुसतं म्हणायचं असतंय!"

"मग म्हणतात कशाला?" एस्तेरने विचारलं. मलावीतल्या तिच्या गावात कुणी जेवायला बोलावलं, की बसायचंच असतं.

वैजीनाथ खो खो हसला. "बसू द्या, काकू. इतक्या वर्षांत खरंच आलेली ही पहिलीच हाय."

सुट्टीभर हेच चाललं. प्रीतम जिल्ह्यातल्या चर्चमधून मलावीच्या कामाची माहिती देत फिरत होता. इकडे सरजाबाई नातीला शोधत घरोघर फिरत होत्या, आणि प्रत्येक घरी त्यांनाही चार घास खावे लागत होते.

निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर निम्मी गल्ली एस्तेरसाठी डबे घेऊन जमली. वैजीनाथच्या म्हाताऱ्या वडिलांनी तिच्या हातात शेंगदाण्याचे लाडू ठेवले आणि याच गल्लीत जन्मलेल्या प्रीतमकडे निरखून पाहिलं.

"आन एस्तेर, हे पाव्हणे कोण म्हणायचे?"