जमीन बघायची नाही

"पुन्हा खाली बघितलंस!" भास्कर सर ओरडले. "जमीन बघितली की पाय आपोआप पुढे जातो आणि पुढे गेलेला पाय मोडतो. नजर लांब, त्या ताडाच्या शेंड्यावर!"

कावेरी वाळू झटकत उठली आणि पुन्हा फळ्यांच्या मचाणावर चढली. पाय जोडले, गुडघे किंचित वाकवले, हनुवटी छातीला लावली. मनात सेकंद मोजायचे: एक हजार, दोन हजार, तीन हजार, चार हजार. मग वर बघायचं. पाठीवरची हवाई छत्री उघडली नसेल तर क्षणही न दवडता छातीवरची दुसरी उघडायची. सगळं तोंडपाठ होतं.

सत्त्याऐंशी साल होतं ते. सिल्वासात कारखाने नुकते कुठे उभे राहत होते आणि शाळेमागचं मैदान लांबपर्यंत मोकळं होतं. सर पूर्वी छत्रीधारी पलटणीत होते. एनसीसीच्या मुलांसाठी त्यांनी दमणगंगेची वाळू आणून खड्डा भरून घेतला होता. आग्र्याच्या शिबिरात विमानातून उडी मारायला इथून एकटी कावेरी निवडली गेली होती.

घोडं अडलं होतं एका सहीवर. शनिवारपर्यंत वडिलांच्या संमतीचा कागद गेला नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळणार होती.

वडील, भगवंत, धुळ्याकडचे. कारखान्यांच्या उंच टाक्या रंगवायचे. नव्या दोराला आधी स्वतः लटकून बघायचे, मगच जोडीदाराला वर चढू द्यायचे. असा माणूस कागद बघून एवढंच म्हणाला, "आभाळातून पोर फेकायची? मी नाय करणार सही."

त्यानंतर त्यांचं काहीतरी बिनसलंच. घरी यायला उशीर होऊ लागला. एक दिवस कोपर सोललेलं, दुसऱ्या दिवशी लंगडत. आई, चिमाबाई, त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरमधून वाळू झटकायची आणि कपाळाला हात लावायची.

"इतकी वर्सं थेंबाला शिवले नाय, आन् आता पिऊन दमणगंगेच्या वाळूत लोळता व्हय? पोरीची तरी लाज धरा!"

भगवंत मान खाली घालून भाकरी मोडायचे. "ड्युटी लांबली," एवढंच म्हणायचे. दारूचा वास कधी आला नाही. पण रंगाच्या उग्र दर्पापुढे तो कळणार तरी कसा?

ज्याला स्वतःचा तोल सांभाळता येत नाही तो माणूस आपली उडी अडवतो, या विचाराने कावेरीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा ती सरांपुढे रडलीच.

"वडिलांचं मी बघतो," सर म्हणाले. "तू फक्त जमीन बघू नकोस."

शुक्रवार उजाडला तरी कागद कोराच होता. संध्याकाळी घरी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, गणवेशाचा पट्टा मैदानावरच राहिला. ती तशीच धावत परत गेली.

कुंपणापाशी तिला सरांचा आवाज आला. "पाय जोडा. नजर ताडावर!"

मचाणावर कुणीतरी उभं होतं. तिन्हीसांजेच्या उजेडात चेहरा नीट दिसेना. त्या माणसाने उडी घेतली, पाय जोडून वाळूवर पडला, कुशीवर गडगडला आणि कोपर चोळत उभा राहिला.

सरांनी हसत त्याच्या पाठीवरची वाळू झटकली.

"चाळीस उड्या झाल्या तुमच्या, भगवंतभाऊ. आता तरी कराल ना पोरीच्या कागदावर सही?"