नलूच्या हातचं

मत्स्य विभागाच्या वेदश्री मॅडमनी मेलेल्या रोहूचं पोट चिरलं आणि कलेजी बोटावर उचलून दाखवली. लाल असायला हवी होती. लोण्यासारखी पिवळट होती.

"लिव्हरवर चरबी चढलीय, काकू. काय खाऊ घालता?"

"कोंडा अन् भुईमुगाची ढेप. तेही मोजून," नलू म्हणाली. "माह्या माशायले फालतू काई भेटत नाई."

"गोड, तुपकट काहीतरी रोज पोटात जातंय यांच्या. थांबलं नाही तर तळं रिकामं होईल."

शेततळ्यात मासे सोडायचा हट्ट नलूचा. तेव्हा अख्खं आष्टी गाव हसलं होतं. आता रोज दोन-चार रोहू उलटे तरंगत होते, आणि हसणारे कुंपणाशी येऊन बघून जात होते.

आणि लिव्हरचं म्हणाल, तर ते नलूला कोणी शिकवावं? गेल्या साली वर्ध्याच्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याच्या, रूपरावांच्या लिव्हरवर चरबी सांगितली. गोड बंद, तूप बंद. नलूनं डॉक्टरांनाच वेड्यात काढलं. शेतावरच्या डब्यात कधी पुरणपोळी, कधी शिरा, वर तुपाची धार. डबा चाटूनपुसून परत यायचा. दिवाळीनंतर पुन्हा तपासलं, तर लिव्हर एकदम स्वच्छ! तेव्हापासून बाजारात, लग्नात, जिथं तिथं नलूचं एकच: "माह्या हातच्या तुपानं बरे झाले ते." रूपरावांनी कधी खोडून काढलं नाही. बिचारा भला माणूस.

"तुमी जेवून घ्या," ती वैतागून पंपापाशी उभ्या नवऱ्याला म्हणाली. "हे भानगड पाहू मंग."

रूपरावांना म्हणे भूक नव्हती. तिनं डबा त्यांच्या हातात कोंबला. ते नाइलाजानं काठावरच्या बाभळीखाली बसले. झाकण खणकलं.

तळं हललं. पार त्या टोकापासून पाणी कापत मासे आले आणि रूपरावांसमोर तोंडं उघडून थांबले.

मॅडम रूपरावांकडे पाहू लागल्या. रूपराव पंपाकडे पाहू लागले.

"काऊन नाई सांगतलं मले?" नलूनं विचारलं.

"तुले वाईट वाटलं असतं."

नलूला राग आला आणि रडूही आलं. तिनं डबा उचलला आणि तडक घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ज्वारीची भाकर आणि नावापुरत्या तेलातली मेथी डब्यात भरली. रूपराव दारात चपला घालत होते. तिनं डबा पुढे केला.

"आज तुमीच खाजा," ती म्हणाली. "माशायले पथ्य हाये."