ओडेसानं दिलेली माफी

होलिस टार्व्हरच्या दारात ओडेसा प्रुइटला बघून त्याची बहीण व्हर्ना दार अडवून उभी राहिली. ओडेसाच्या हातात पीच कॉबलरचं भांडं होतं, वरून फडकं बांधलेलं.

"जागा आहे का तो?" ओडेसानं विचारलं.

"आहे. पण भांडायला आली असशील तर आल्या पावली परत जा. त्याच्यात आता काही उरलेलं नाही."

"भांडायचं असतं तर गोड घेऊन आले असते का गं?"

व्हर्ना बाजूला झाली.

दोन घरांच्या मधे नुसतं एक कुंपण. तरी बारा वर्षं ओडेसानं ही पायरी चढली नव्हती. त्याआधी होलिस म्हणजे घरचाच माणूस. तिचा नवरा गेल्यावर तिच्या मुलाच्या, लहानग्या जार्विसच्या हातात चेंडू होलिसनंच दिला. बोटं कशी धरायची, खांदा कसा वळवायचा, सगळं मागच्या अंगणात शिकवलं.

होलिस गावच्या रेडिओवर बोलायचा. उन्हाळ्यात बेसबॉलचे मोठे क्लब शाळा-कॉलेजातली पोरं आळीपाळीनं निवडून घेतात. त्या ड्राफ्टच्या आधीच्या शनिवारी तो सांगायचा, दक्षिण जॉर्जियातल्या कुठल्या पोराला कोण उचलणार. अंदाज इतके बरोबर यायचे की क्लबांची पारखी माणसंही त्याला फोन करून विचारायची.

जार्विसची शाळा संपत आली, तेव्हा हीच माणसं गाड्या घेऊन दारात येऊ लागली. ओडेसा त्यांना थंड चहा द्यायची आणि मुलाची लहानपणापासूनची कौतुकं सांगत बसायची. पोरगा पहिल्याच फेरीत जाणार, असं सगळं गाव म्हणत होतं. तिनं चर्चच्या मंडळींना जेवायला बोलावलं, अंगणात टीव्ही मांडायचं ठरवलं.

आणि त्या शनिवारी होलिस रेडिओवर म्हणाला, "जार्विस प्रुइटला कुणी घेणार नाही. हात सोन्याचा आहे, पण मन खेळात नाही. मी क्लबचा मालक असतो तर त्याच्या वाटेला गेलो नसतो."

ड्राफ्टच्या संध्याकाळी नावामागून नावं पुकारली गेली. जार्विसचं नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. जेवायला आलेली मंडळी पहिल्याच रात्री हळूहळू उठून गेली होती. केक तसाच राहिला.

पुढच्या रविवारी ओडेसा चर्चच्या दारातच होलिसला आडवी गेली. "तुझ्या मांडीवर वाढलेलं पोर ते! आणि त्याच्याच पोटावर पाय दिलास?"

होलिसनं टोपी काढून हातात धरली आणि काहीच बोलला नाही. ते न बोलणं तिला कबुलीसारखंच वाटलं.

गाव तिच्या बाजूचं झालं. न्हाव्याच्या दुकानात लोक त्याला विचारायचे, "काय ज्योतिषीबुवा, आज कुणाच्या घराला नजर लावताय?" दुसऱ्या वर्षी कार्यक्रम बंद पडला. चर्चमध्ये तो मागच्या बाकावर एकटा बसू लागला.

आता तो पलंगावर उशीला टेकून पडला होता. गाल आत गेले होते. ओडेसा खुर्ची ओढून बसली.

"कॉबलर आणलंय."

"वासानं कळलं." तो हसला. "जार्विस कसा आहे?"

"बरा आहे. मेकनला शाळेत पोरांना ट्रॉम्बोन वाजवायला शिकवतो. कुठे जायचा होता आणि कुठे गेला!"

"चांगला वाजवतो?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"एकदा ऐकून ये."

तिनं भांड्यावरचं फडकं सोडलं. मग म्हणाली, "होलिस, का रे केलंस तसं?"

त्यानं खिडकीकडे बघितलं. "मला तसं दिसलं, ओडेसा."

"ठीक आहे. मी काही उकरून काढायला आले नाही. मी तुला माफ केलंय, एवढंच सांगायचं होतं."

होलिसनं डोळे मिटले. तिला वाटलं, झोप लागली. पण त्यानं हात पुढे केला आणि तिचा हात धरला.

"थँक यू, ओडेसा," तो म्हणाला. "फार बरं वाटलं."

त्याच आठवड्यात तो गेला.

दफन झाल्यावर मंडळी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जेवायला बसली. जार्विस मेकनहून आला होता. त्यानं शवपेटीला खांदा दिला होता. आता समोरचं तळलेलं चिकन तो नुसतं चिवडत होता.

"तू इतकं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं मला," ओडेसा म्हणाली. "त्यानं तुझं एवढं नुकसान केलं, तरी. मलाही वाईट वाटतंय रे. आधीच जायला हवं होतं. पण निदान जाण्याआधी मी त्याला माफ तरी केलं."

जार्विसनं काटा खाली ठेवला. "माफ केलंस? तोंडावर सांगितलंस?"

"मग? हात धरून थँक यू म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या."

"आणखी काय म्हणाले?"

"काही नाही. काय म्हणणार?"

जार्विसनं ताट बाजूला सारलं.

"मम्मा, ते क्लबवाले घरी यायचे, तेव्हा तू माझ्या शेजारी बसलेली असायचीस. इतकी खूश असायचीस, की मला तोंड उघडवेना."

"म्हणजे?"

"खेळात माझं मन नाही, हे मीच सांगितलं मिस्टर होलिसना. रेडिओवर तसं बोला, म्हणून रडलो त्यांच्यापुढे. आणि मम्माला कधी कळू देऊ नका, हेही मीच म्हणालो."