सोनूची नजर

गरिमाची सवत नाशिकच्या द्राक्षबागेत राहत होती. वेलींच्या रांगांतून फिरणारा चार चाकांचा रोबोच तो, पण गरिमाच्या नवऱ्याने, सौरवने, लाडाने त्याचं नाव ठेवलं होतं सोनू. ग्वाल्हेरला माधवगंजच्या घरात बसून तो दिवसभर सोनूने पाठवलेले पानांचे फोटो न्याहाळायचा. एखाद्या पानावर डाग दिसल्याचं सोनूने कळवलं, की हा भरल्या ताटावरून उठायचा.

आज लग्नानंतरची पहिली संक्रांत होती. काळी चंदेरी साडी आणि अंगभर सासूबाईंनी केलेले हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. दाना ओली गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या आणि डोळे भरून बघून गेल्या. सौरवची मान काही वर झाली नाही.

"बघ ना, कशी दिसतेय मी?"

"एक मिनट रुक, सोनूचे फोटो येतायत."

गरिमाचा नुसता जळफळाट झाला. तो पाणी प्यायला उठला, तशी तिने आपलाच फोटो सोनूच्या फोटोंत सरकवला. आता बघतेच, कसा बघत नाही ते!

क्षणात स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली. 'पांढरे ठिपके आढळले. भुरी रोगाची शक्यता. तातडीने लक्ष द्या.'

सौरव धावत आला आणि फोटो न उघडताच त्याने बागेत फोन लावला. "फौरन फवारणी करा! अरे, देखना क्या है, सोनू कधी गलत नाही सांगत!"

 

गरिमा तिथेच थबकली. हिच्याकडे तातडीने लक्ष दे, असं तिच्या नवऱ्याला बजावलं, ते शेवटी सवतीनेच.