टिकेशचा हिस्सा

दोन वर्षांनी गावी आलेल्या नातवानं, टिकेशनं, पाय धुवायच्या आधीच वैनगंगेकाठच्या धानाच्या बांधीत आपला हिस्सा मागितला, याचा सुखवंताबाईला भारी राग आला. तो समुद्राच्या तळाचा अभ्यास करायचा आणि आता त्याला शहरात फ्लॅट घ्यायचा होता.

जेवताना तिनं विचारलं, “काय हाये बा तिथं खाली?”

“गाळाचे डोंगर, आजी. नद्यांनी नेलेली माती समुद्रात उतारावरून घसरत खोल जाते, तळाशी थर चढून चढून डोंगर होतात. आपल्या वैनगंगेचीबी असन त्यात.”

सुखवंताबाईनं वरणाची पळी खाली ठेवली.

“मंग हिस्सा कायले मागून रायला? पुरात अर्धी बांधी कापून गेली, थो तुयावाला हिस्सा होता. नदीनं कवाच पोचवला तुयापाशी. राहिली थे माही हाये.”