कुच्चू

“सगळी भोकं बुजवली मी,” प्रणीत म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप टीपॉयवर ठेवला. “नऊच्या नऊ गाण्यांतली.”

रम्या गिटार मांडीवर घेऊन नुसतीच बसली होती. तिचा पहिला अल्बम. एक आवाज, एक गिटार, बाकी काही नाही. संध्याकाळी सहापर्यंत तो म्युझिक कंपनीला पाठवायचा होता. गाणी तिची, शब्द तिचे, प्रणीतनं रेकॉर्डिंगही झकास केलं होतं. अडलं होतं एकाच जागी. प्रत्येक ओळ संपली की रम्या थांबायची. श्वास घ्यायला लागतं त्यापेक्षा जास्त, आणि तालात बसेल त्यापेक्षा कमी.

“एका गाण्यात असतं तर स्टाइल म्हटलं असतं,” प्रणीत म्हणाला. “नऊ गाण्यांत म्हणजे खोड. ऐकणाऱ्याला वाटेल, नेट गेलं.”

“तिथं तसंच आहे रे.”

“पण का आहे?”

ते तिला सांगता येत नव्हतं. सांगता आलं असतं तर ती भांडली असती. कारणच नाही म्हटल्यावर ती चूक, आणि पहिल्याच अल्बममध्ये मुद्दाम चूक कोण ठेवतं? तिनं गिटारची एक तार उगाचच पिळली. ती आधीच सुरात होती.

खिडकीखाली चटईवर रम्याची आई, शकुंतलाबाई, काम करत होत्या. समोर उशीवर मोरपंखी साडीचा पदर टाचून ठेवलेला. त्याच्या काठाला रेशमी गोंडे बांधणं चाललं होतं. बंगळुरात बनशंकरीतल्या निम्म्या लग्नांतले असे गोंडे, म्हणजे कुच्चू, त्यांच्या हातचे. रेशमाची लड काठातून ओवायची, दुमडायची, मानेशी जरीचा दोरा गुंडाळायचा. मग दोऱ्याचं एक टोक दातांत, दुसरं बोटांत, आणि करकचून गाठ. तेवढा वेळ त्या गप्प असत. बाकी वेळ बोलणं, नाहीतर गुणगुणणं, रम्या पाळण्यात होती तेव्हापासून.

“बेळ्ळंदूरहून आलास?” गाठ मारून त्यांनी प्रणीतला विचारलं. “मग जेवूनच जा. त्या ट्रॅफिकमधनं घरी पोचेपर्यंत परत भूक लागेल.”

“काकू, आधी एक सांगा. दुरुस्त केलेलं लावतो, ऐका.”

“मला काय कळतंय त्यातलं? लाव, लाव. हात चालू राहतात माझे. पाचला प्रतिमा साडी न्यायला येणार.”

प्रणीतनं गाणं लावलं.

*गच्चीवरचं ऊन गेलं, कपडे राहिले…*

ओळी आता एकीला एक चिकटून येत होत्या. गुळगुळीत, नव्या रस्त्यासारख्या. प्रणीतचा पाय ठेका धरू लागला. रम्यानं मान खाली घातली. खरंच बरं वाटत होतं ऐकायला. रेडिओवरच्यासारखं.

शकुंतलाबाई गुणगुणायला लागल्या. पहिली ओळ संपता संपता त्यांनी दोरा दातांत धरला, आणि गाणं पुढं निघून गेलं.

*…कपड्यांमागून घरं गेली…*

“म्म्म्!” त्यांनी रिक्षा थांबवावी तसा हात वर केला. बोटांतलं टोक सुटलं आणि अर्धा बांधलेला कुच्चू मांडीवर पिंजारला. त्यांनी तोंडातला दोरा काढला आणि लॅपटॉपला दम भरला, “थांब की गं स्वल्प! गाठ मारू देशील का नाही?”

प्रणीतनं गाणं बंद केलं.

रम्या आईकडे बघत होती. मांडीवरच्या रेशमाकडे, मग आईच्या तोंडाकडे.

“जुनं लाव,” ती म्हणाली.

“अगं, पण…”

“लाव तर.”

त्यानं जुनं लावलं. शकुंतलाबाईंनी पिंजारलेलं रेशीम पुन्हा जुळवून घेतलं आणि गाण्याबरोबर गुणगुणत दोरा गुंडाळला.

*गच्चीवरचं ऊन गेलं, कपडे राहिले…*

गाणं थांबलं. शकुंतलाबाईंची हनुवटी वर गेली, दोरा ताणला, गाठ बसली. हनुवटी खाली आली.

*कपड्यांमागून घरं गेली, दोऱ्या राहिल्या…*

हनुवटी पुन्हा वर.

सुरुवातीला प्रणीत बोटावर मात्रा मोजत होता. तिसऱ्या ओळीला त्यानं बोट आवरलं. गाणं संपलं तेव्हा पदराला आठ नवे कुच्चू लोंबत होते, एका मापाचे.

“हे बरं आहे,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “मघाचं भारी वाटत होतं खरं, पण त्याला कसली घाई झाली होती कोण जाणे.”

प्रणीतनं फाइलींची यादी उघडली. दोन दिवस खपून त्यानं ती भोकं बुजवली होती.

“सरी, ठीक आहे,” तो म्हणाला, आणि बुजवलेली नऊच्या नऊ गाणी पुसून टाकली. “आता कंपनीचा तो फॉर्म तेवढा भरून टाक. एक रकाना राहिलाय. घरात गाण्याची परंपरा.”

रम्याला हसू येत होतं. ते तिनं कसंबसं गालात ठेवलं.

“आई, काय लिहू गं? आपल्या घरात गाणारं कोण होतं?”

“आपल्यात कुठलं गाणं, बाई!” शकुंतलाबाई म्हणाल्या. “लिही, कोणी नाही.”

आणि त्यांनी दोरा दातांत धरला.