प्रभातफेरीचं गाणं

सरपंच गेनबा घायपाताआड टमरेल टेकवून नुकता बसला होता, एवढ्यात बांधापलीकडं ढोलकी वाजली.

माशी बसली घाणीवर,
तीच उडाली भाकरीवर,
भाकर उतरली पोटात,
बाळ पडलं खाटंत.
सांगा काका, सांगा खरं,
काट्यात जाणं हेच का बरं?

शाळेची पोरं होती, पहिली-दुसरीतली. नाकाला शेंबूड, पण सूर पक्का. गेनबाला उठता येईना आणि बसवेना. पोरांनी घायपाताकडं तोंड करून गाणं पुन्हा एकदा म्हटलं आणि शहाण्यासारखी पुढं गेली.

विकास योजनेच्या पुण्याच्या हापिसातल्या साहेबांनी गावोगावच्या शाळांना बालमेळे काढायला सांगितले होते. गाण्यांतून मुलांनी शिकायचं आणि मुलांकडून मोठ्यांनी. किकवीची पोरं म्हणे पाढे गात होती. गेनबाच्या भोंगवलीच्या नशिबी माशी आली.

गेनबानं जागा बदलली. ओढ्याला गेला, तर ढोलकी ओढ्याला. टेकाडामागं गेला, तर झांजा टेकाडामागं. सगळा गाव उघड्यावरच जात होता, पण पोरांना काका सापडायचा तो हाच.

"काय सरपंच," हैबती धनगरानं भर चावडीत विचारलं, "तुमी बसायचं नि पोरांनी आरती म्हणायची. आवो, येवढा मान आमच्या बिरोबाला बी न्हाई!"

चावडी खदखदली. गेनबाच्या अंगाची लाही झाली. तो तडक शाळेत गेला.

"मास्तर, ह्ये गाणं बंद करा."

सावळाराम मास्तर हातातला खडू ठेवून उभे राहिले. "बंद करणं माझ्या हातात नाही, सरपंच."

"मग कुणाच्या हातात हाय? रचलं कुणी?"

"मला सुचलं असतं तर मी नाव सांगितलं असतं."

"म्हंजी पुण्याच्या हापिसातलं!" गेनबानं टेबलावर मूठ आपटली. "संस्थान हुतं तवा कुणी आमच्या टमरेलाची चौकशी केली न्हवती. सवराज्य आलं नि ही तऱ्हा! तुमची बदली पार वेल्ह्याच्या पलीकडं करतो, बघाच!"

मास्तरांनी खडू उचलला. "करा. तिथंही शाळा आहेच."

घरी येऊन त्यानं पायताण भिरकावलं. त्याच्या बायकोनं, बाळाबाईनं, पाणी पुढं केलं.

"लई तरास दिला का वो पोरांनी?"

"चामडी लोळवतो येकेकाची!"

"ल्हान हायती. जाऊ द्या." रोज सकाळी टमरेल भरून देताना ती विचारायची तसंच तिनं हळूच विचारलं, "उद्या कुठल्या अंगाला जानार? कुणी भेटाया आलं तर सांगाया बरं."

"म्हसोबाच्या लवणात. तिथं कोण येतंय बघतो!"

सकाळी सगळा बालमेळा आला. एकाकडं तर नवं डफडंही होतं.

त्या दिवशी गेनबाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. परड्यातच खड्डा खणून चार भिंती बांधल्या, वर पत्रे टाकले, तर कोण माईचा लाल तिथं ढोलकी वाजवतो?

"काईतरीच!" बाळाबाईनं पदर तोंडाला लावला. "घरात का कुणी संडास बांधतं? लोक काय म्हनतील? नगं बाई!"

बायकोनं नको म्हटलं म्हणजे ती गोष्ट व्हायलाच हवी, हा गेनबाच्या घराण्याचा नियम होता. संतापाच्या भरात त्यानं स्वतः कुदळ घेतली. प्रत्येक घावाला एक शिवी, अशा हिशेबानं खड्डा भलताच खोल झाला. भिंती उभ्या राहिल्या, दाराला आतून कडी बसली. गेनबा पहिल्या दिवशी आत बसला आणि कान देऊन वाट पाहत राहिला. ढोलकी वाजली नाही.

साहेब जीप घेऊन आले. त्यांनी तालुक्यातला आदर्श सरपंच म्हणून हार घातला. हैबतीसुद्धा गप्प बसला. पुण्याच्या हापिसाची आपण कशी जिरवली, हे गेनबा भेटेल त्याला सांगू लागला.

एका मंगळवारी तो भोरच्या बाजाराला निघाला, पण एस.टी. चुकली म्हणून अर्ध्या वाटेवरूनच परतला. घराजवळ येतो तर परड्यात ढोलकी!

त्याचं मस्तक पुन्हा भडकलं. माझ्याच घरात? कुडाची काठी उपसून तो दबकत मागल्या अंगाला गेला आणि फटीतून पाहू लागला.

पोरं गोल करून बसली होती. सावळाराम मास्तर ढोलकीची दोरी आवळत होते.

चूल पेटली, धूर झाला,
आईच्या डोळ्यांत पूर आला...

"आसं मुळूमुळू नगं रं, लेकरांनो," मधोमध परातीवर ताल धरून बसलेली बाळाबाई म्हणाली, "ठासून म्हना. आमच्या मालकांना हळू सांगून काय बी कळत न्हाई. लगीन झाल्यापून म्या हळूच सांगत हुते."